उमेदवाराला स्विचसमोर बसवा

नेटवर्क इंजिनिअर हवा असला की आपल्याकडच्या बहुतेक कंपन्यांची जाहिरात एकाच साच्यातून निघते. सिस्को कंपनीचं सीसीएनए सर्टिफिकेट अनिवार्य, त्याच्या वरचं सीसीएनपी असल्यास प्राधान्य, अनुभव तीन ते पाच वर्षं. अर्ज शेकड्यांनी येतात. एचआर सर्टिफिकेट नसलेले बाजूला काढतं आणि उरलेल्यांची फोनवर अर्धा तास मुलाखत होते. ओएसआयचे सात थर कोणते, टीसीपी आणि यूडीपीत फरक काय, असले प्रश्न. उत्तरं सगळ्यांचीच पाठ असतात. त्यातल्या कुणाला तरी ऑफर लेटर जातं.

मी पुण्यात एका कंपनीत नेटवर्क विभाग सांभाळते. भोसरी, चाकण, रांजणगावचे काही कारखाने आणि दोन-तीन रुग्णालयांची नेटवर्क आमच्याकडे आहेत. माणसं निवडणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. सर्टिफिकेट आहे का आणि अनुभव किती वर्षांचा, या दोन्ही प्रश्नांवर माणूस निवडणं मला मान्य नाही. दोन्ही उत्तरं कागदावरची. बिघडलेल्या नेटवर्कसमोर उमेदवाराला बसवावं आणि तो काय करतो ते शेजारी बसून बघावं. तास-दीड तास पुरतो. तेवढा वेळ काढायची मात्र कंपन्यांची तयारी नसते.

आम्ही काय करतो ते सांगते. टेबलावर दोन स्विच आणि दोन लॅपटॉप. एका लॅपटॉपवरून दुसऱ्यावर मोठी फाइल पाठवायची. पिंग व्यवस्थित लागतं, तरी फाइल मुंगीच्या पावलांनी सरकते. दोन स्विचमधल्या लिंकवर एका बाजूला मी शंभर एमबीपीएस, फुल डुप्लेक्स असं हाताने बसवलेलं असतं. दुसरी बाजू ऑटोवर सोडलेली असते. ऑटोवाल्या बाजूला समोरून काहीच ठरवून मिळत नाही. वेग ती ओळखते, डुप्लेक्स कळत नाही, म्हणून हाफवर जाऊन बसते. मग एक बाजू हवं तेव्हा पाठवत राहते, दुसरी लाइन मोकळी व्हायची वाट बघते, आणि ट्रॅफिक वाढला की टक्कर होते. पिंगची छोटी पॅकेटं त्यातून निसटतात, फाइल अडकते. शेजारच्या उपकरणाची माहिती देणारा सीडीपी प्रोटोकॉल मी आधीच बंद करते, नाहीतर डुप्लेक्स जुळत नाही हे स्विच स्वतःच लॉगमध्ये सांगून टाकतो. हा बिघाड मी मुद्दाम शोधून काढलेला नाही. कारखान्यांत जुन्या मशीनचे कंट्रोलर असतात, कुणीतरी कधीतरी पोर्टचा वेग हाताने बसवून ठेवलेला असतो, आणि नवा स्विच आला की हे दुखणं डोकं वर काढतं.

सर्टिफिकेट घेऊन आलेले बरेच जण पिंग लागलं की ‘नेटवर्क ठीक आहे, प्रॉब्लेम लॅपटॉपमध्ये असेल’ म्हणून मोकळे होतात. काही जण एकदम चार सेटिंग बदलतात. त्यातल्या कशाने काय झालं हे मग त्यांनाही सांगता येत नाही.

मागे साताऱ्याकडचा एक मुलगा आला होता. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालेला, नंतर गावाकडच्या केबल-इंटरनेटवाल्याकडे कामाला. गच्च्यांवर चढून फायबर जोडलेली. अर्जात सर्टिफिकेटच्या रकान्यात नुसती रेघ. आमच्याच एका फील्ड इंजिनिअरने नाव सुचवलं म्हणून तो आमच्यापर्यंत पोचला, एरवी चाळणीतच अडकला असता. बसला आणि कीबोर्डला हात लावायच्या आधी म्हणाला, “मॅडम, आधी वायर बघतो.” पॅच कॉर्ड बदलली. फरक पडला नाही. मग लिंकच्या दोन्ही टोकांचे एररचे आकडे त्याने कागदावर उतरवले, फाइल पुन्हा पाठवली, आकडे पुन्हा उतरवले. एका टोकाला लेट कोलिजन वाढत होते, दुसऱ्या टोकाला सीआरसी एरर. “दोन्हीकडचं सेटिंग वेगळंय,” तो म्हणाला. का वेगळं वागतंय, ते त्याला सांगता आलं नाही. सबनेटिंगमध्येही तो कच्चा होता. मी त्याला घेतलं. थिअरी मला शिकवता येते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आकडे लिहून ठेवायचे, ही सवय लावायला फार वेळ जातो, आणि काहींना ती कधीच लागत नाही.

एवढं वाचून कुणी म्हणेल, म्हणजे शेवटी अनुभवच खरा. तेही मला पटत नाही. पाच वर्षांचा अनुभव लिहिलेल्या माणसाला खोदून विचारलं की कळतं, पाचही वर्षं तो एनओसीमध्ये, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या केंद्रात, स्क्रीनवर लाल दिवा लागला की तिकीट उघडून वरच्या टीमकडे पाठवत होता. त्याची चूक नाही, त्याला दुसरं काही करूच दिलेलं नसतं. मुलींच्या बाबतीत हे फार होतं. रात्री नेटवर्कमध्ये बदल करायच्या चेंज विंडोला, कारखान्याच्या साइटवर ‘मुलींना कशाला’ म्हणून पाठवत नाहीत, आणि पुढच्या नोकरीत फील्डचा अनुभव मागतात. तालुक्याच्या गावात राहणाऱ्याचीही तीच गत. अशांना सर्टिफिकेटच्या अभ्यासाने हातात काहीतरी मिळतं. घरी पॅकेट ट्रेसरवर किंवा जीएनएस३वर रात्री जागून लॅब केलेली मुलगी टेबलावर बसली की लगेच ओळखू येते.

आणि अभ्यासाला पर्याय नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटर या मोठ्या रुग्णालयाचं नेटवर्क कोसळलं. जवळपास चार दिवस ते धड चाललं नाही, आणि रुग्णालयाला कागदावर कारभार करावा लागला. मुळाशी होता स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल. नेटवर्कमध्ये फेरा तयार होऊन तोच ट्रॅफिक गोल फिरत राहू नये, हे त्याचं काम. त्याच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सातपेक्षा जास्त स्विच असू नयेत, असा दंडक आहे. नेटवर्कला तुकडे जोडत गेले आणि ही मर्यादा ओलांडली गेली. तेव्हाचे सीआयओ जॉन हलम्का यांनी ही सगळी हकिगत उघडपणे मांडली, म्हणून आज ती आपल्याला शिकता येते. सातचा आकडा पुस्तकातून कळतो. आपल्या इमारतीत सातवर आठवा कधी जोडला गेला, हे मात्र तिथल्या रॅक उघडून बघणाऱ्यालाच कळतं.

टेबलावर मी आणखी एक प्रश्न विचारते. समज, राउटर दूर रांजणगावला आहे आणि तू इथून बदल करतोयस. कमांड दिलीस आणि तुझाच संपर्क तुटला, तर? मुरलेला माणूस सांगतो की आधी ‘रिलोड इन टेन’ देऊन ठेवीन; दहा मिनिटांत रद्द केलं नाही तर राउटर आपोआप जुन्या कन्फिगरेशनवर परत येईल. हा प्रश्न लहान नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला आपल्याकडे रात्री नऊनंतर व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम बंद पडलं ते आठवत असेल. देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडने फेसबुकची डेटा सेंटर्स एकमेकांपासून तुटली, चुकीची कमांड अडवणाऱ्या टूलमध्येच दोष निघाला, आणि दुरून आत शिरता येईना म्हणून इंजिनिअरांना प्रत्यक्ष तिथे जावं लागलं. सेवा परत यायला सहाएक तास गेले.

हाताने करून दाखवण्याचं मोल परीक्षा घेणाऱ्यांनाही ठाऊक आहे. सिस्कोची सर्वांत वरची परीक्षा, १९९३ पासूनची सीसीआयई, त्यात आठ तास लॅबमध्ये बसावं लागतं. समोर नेटवर्क, काही उभारायचं, काही दुरुस्त करायचं. भारतात त्यासाठी बंगळुरूला जातात. सीसीआयई झालेल्या माणसाला आमच्या क्षेत्रात मान आहे तो यामुळेच. सीसीएनए ही सुरुवातीची परीक्षा १२० मिनिटांची. तिचा अभ्यासक्रम चांगला आहे, पण फुटलेल्या प्रश्नांचे डम्प विकत मिळतात आणि ते घोकून पास होणारे आहेत. पकडले गेले तर सर्टिफिकेट रद्द होतं, तरी धंदा चालूच आहे. चाळणीत फक्त सर्टिफिकेट बघणाऱ्या कंपन्या त्या धंद्याला गिऱ्हाईक पुरवतात, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

मला सर्वांत जास्त राग येतो तो पैशांचा. सीसीएनएची फी ३०० डॉलर, म्हणजे २५ हजार रुपयांच्या आसपास. क्लासची फी वेगळी. नापास झालं की पुन्हा तेवढेच. आणि पास झाल्यावरही सर्टिफिकेट टिकतं तीन वर्षं. बार्शी-परभणीहून आलेल्या मुलाच्या घरी हे पैसे कुठून उभे राहतात, ते मी ऐकलेलं आहे. सर्टिफिकेटची गरज खरं तर कंपनीलाही असते. उपकरण बनवणाऱ्या कंपनीच्या भागीदारीत वरची पायरी हवी असेल तर सर्टिफाइड माणसं दाखवावी लागतात. सरकारी निविदांतही त्यांची यादी मागतात. ही गरज धंद्याची आहे, खोटी नाही. मग तिचा खर्चही धंद्यानेच करायला हवा.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जाहिरातीतून ‘अनिवार्य’ हा शब्द काढा. वापरलेले दोन-तीन स्विच विकत घ्या, बाजारात ते सहज मिळतात, आणि निवडीच्या टप्प्यावर आलेल्या प्रत्येकाला त्यांच्यासमोर तासभर बसवा. शेजारी एचआर नको, रोज हे काम करणारा इंजिनिअर बसू द्या. घेतलेल्या माणसाकडून सहा महिन्यांत अभ्यास करून घ्या आणि परीक्षेची फी कंपनीने भरा, पहिल्यांदा नापास झाला तर दुसऱ्यांदाही. आणि त्या बदल्यात दोन वर्षांचा बाँड लिहून घेऊ नका.