कलावंताची खोली : एक आक्षेप

कलावंताच्या स्टुडिओवर लिहिण्याची एक रीत मराठीत चांगलीच रुळली आहे. उत्तरेकडून येणारा उजेड, भिंतीला टेकवून ठेवलेले अपुरे कॅनव्हास, रंगाचे डाग पडलेली फरशी आणि या साऱ्याच्या मध्यभागी एकटा कलावंत. मुलाखत लेखकाची असेल तर टेबल, खिडकी आणि खिडकीबाहेरचे झाड. दिवाळी अंकांतून हे वर्णन इतक्या वेळा येऊन गेले आहे की, निर्मिती ही बंद खोलीत एकट्याने करावयाची गोष्ट आहे हे गृहीतक आपण तपासेनासे झालो आहोत. आमचा आक्षेप या गृहीतकाला आहे. आणि तो आम्ही शहापूर तालुक्यातील डोळखांबच्या बाजूने घेत आहोत, कारण या गृहीतकाला छेद देणारी सर्वांत जुनी कथा याच परिसरात सांगितली जाते.

डोळखांबहून पुढे डेहणे गावाच्या माथ्यावर आजोबाचा डोंगर उभा आहे. या डोंगरावर वाल्मीकींचा आश्रम होता, रामायण येथेच रचले गेले, येथेच लव-कुश वाढले आणि ते ऋषींना ‘आजोबा’ म्हणत म्हणून डोंगराला हे नाव पडले, अशी इकडे श्रद्धा आहे. आश्रमाच्या वरच्या अंगाला, कड्यात, ‘सीतेचा पाळणा’ दाखवतात. ही कथा इतिहास म्हणून कुणी मानावी असा आमचा आग्रह नाही. परंतु आदिकवीच्या कामाच्या जागेची लोकमानसाने केलेली कल्पना म्हणून ती नीट वाचली पाहिजे. या जागेत कवी एकटा नाही. तेथे टाकून दिलेली एक गर्भवती स्त्री आश्रयाला येते. उत्तरकांडातले वाल्मीकी तिला आश्रमातल्या तापसींच्या हाती सोपवतात. तेथे दोन मुले जन्मतात, रांगतात, आणि पुढे तीच मुले ते काव्य पाठ करून गातात. काव्याची नायिका, काव्याचे पहिले गायक आणि कवी हे सारे एकाच छपराखाली. आपल्या परंपरेने कल्पिलेल्या पहिल्या ‘स्टुडिओ’त पाळणा आहे, ही गोष्ट आमच्या समीक्षेच्या ध्यानात कशी राहिली नाही?

ती राहिली नाही, आणि त्याची किंमत कुणी दिली हे पाहावयाचे तर डोळखांबहून वायव्येला, डहाणूकडे गेले पाहिजे. वारली कुटुंबात लग्नघरी भिंतीवर चौक लिहिला जातो. कारवीच्या कुडावर शेण-मातीचा लेप, त्यावर गेरू, आणि तांदळाच्या पिठाने बांबूच्या काडीने काढलेली पालघट देवी. हा चौक सवाशिणी लिहितात. त्याच्याशी जोडलेली लग्नगीते धवलेरी गाते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे चित्र, गीत, विधी आणि घर यांना येथे वेगळे करता येत नाही, आणि चित्राखाली सही करण्याची कुणाला गरज वाटत नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या भागात आले आणि भिंतीवरचे चित्र कागदावर उतरू लागले. जिव्या सोमा म्हसे यांना 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 मध्ये पद्मश्री. 2018 मध्ये ते गेले. म्हसे यांची थोरवी वादातीत आहे. चौकाच्या चौकटीबाहेर पडून जाळे, पेरणी, मुंग्यांची वारुळे यांना त्यांनी जे रूप दिले ते एका स्वतंत्र प्रतिभेचेच काम होते. प्रश्न त्यांच्याविषयी नसून आमच्याविषयी आहे. कागद आला, कागदावर सही आली, सहीमागे एक कलावंत आला, त्या कलावंताची ‘कामाची जागा’ पाहावयास लोक जाऊ लागले. आणि जिच्या हाताने भिंत लिहिली जात होती ती सवाशीण या चित्रातून सावकाश पुसली गेली. तिच्यापाशी दाखविण्याजोगी खोली नव्हती. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाला संरक्षण मिळाले, हे चांगलेच झाले. भिंतीला मात्र कसलेही मानांकन नाही.

यावर एक वजनदार हरकत येईल, आणि ती टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. व्हर्जिनिया वुल्फ यांनी 1929 मध्ये स्त्रीच्या लेखनासाठी कुलूप लागणारी खोली आणि वर्षाला पाचशे पौंड मागितले, ते काय उगीच? मुळीच नाही. आमच्या वर्गात डोळखांब, किन्हवली, मुरबाडकडून येणाऱ्या मुलींना अभ्यासापुरता कोपरा मिळत नाही, हे आम्ही रोज पाहतो. खोली त्यांना मिळालीच पाहिजे. परंतु वुल्फ यांची मागणी आर्थिक होती. आपण तिचे सौंदर्यशास्त्र केले. खोली मिळावी म्हणणे वेगळे, आणि खोली नाही म्हणून कर्तृत्वही नाही असे धरून चालणे वेगळे. बहिणाबाईंनी घरातले आणि शेतातले काम करता करता रचना केली. 1951 मध्ये त्या गेल्या आणि संग्रह त्यानंतर, 1952 मध्ये आला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. जाते ही जर काव्याची कार्यशाळा नव्हे, तर कार्यशाळा या शब्दाचा अर्थ आम्हांला कुणी तरी समजावून सांगावा.

दुसरा धोका उलट दिशेचा आहे. कुडाची भिंत वाचवा, असा हळवा सूर शहरातल्या प्रदर्शनांत ऐकू येतो. पावसाळ्यात गळणाऱ्या घरात कुणी आमच्या सौंदर्यदृष्टीसाठी राहावे, ही मागणी निर्लज्जपणाची आहे. पक्के घर हा हक्कच आहे. पण 2016 पासून प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये घरासाठी किमान 25 चौरस मीटर धरले जातात, स्वयंपाकाची जागाही त्यातच. या हिशेबात चौकाच्या भिंतीचा विचार कुणी केल्याचे दिसत नाही. तो करण्यासाठी फार पैसा लागत नाही; घरात राहणाऱ्या बाईला आराखड्याआधी विचारावे लागते, इतकेच.

साहित्याच्या अध्यापकांनी घरकुलाच्या आराखड्यात नाक का खुपसावे, असे कुणी म्हणेल. खुपसावे, कारण लोकसाहित्याची प्रश्नपत्रिका आपण काढतो. त्या अभ्यासपत्रिकेत ओवी असते, जाते नसते. लग्नगीत असते, ते ज्या भिंतीसमोर गायले गेले ती नसते. प्रकल्पाच्या वहीत विद्यार्थी गीत उतरवून आणतो आणि ‘संकलक’ म्हणून स्वतःचे नाव घालतो. गाणारीचे नाव, गाव, जागा आणि वेळ यांसाठी त्या वहीत रकानाच नसतो, आणि आपण गुण देऊन मोकळे होतो. आमची मागणी एवढीच की, येत्या वर्षापासून हा रकाना घालावा, तो रिकामा असलेली वही परत करावी, आणि गाणारीची संमती असेल तर तिचे नाव संकलकाच्या नावाच्या वर लिहावे. स्टुडिओंवरचे लेख त्यानंतर खुशाल लिहावेत. निदान त्यांतली खोली कुणी सारवली, हे विचारण्याची सवय तोवर आपल्या विद्यार्थ्यांना लागलेली असेल.