नौकेवरचें बिनतारी यंत्र : निवड कशी करावी?

गेल्या महिन्यांत आमच्या एका वाचकभगिनींचें पत्र आलें. त्यांचे चिरंजीव इंग्लंडांत साउदम्प्टन येथें नोकरीस आहेत. त्यांनीं दोघां स्नेह्यांच्या भागीदारींत एक लहान शिडाची होडी घेतली असून, सुट्टीच्या दिवशीं ते पत्नी व सात वर्षांची कन्या यांसह सॉलेंटमध्यें, म्हणजे इंग्लंडचा किनारा व आइल ऑफ वाइट हें बेट यांमधल्या समुद्रपट्टींत, विहारास जातात. "सायंकाळीं फोन आला नाहीं कीं हे अंगणांत येरझारा घालतात आणि मी देवाजवळ बसतें," असें बाई लिहितात. मुलाच्या वाढदिवसास हातांत धरावयाचें बिनतारी यंत्र भेट द्यावें असें त्यांच्या घरीं ठरलें आहे. परंतु कोणतें घ्यावें, आणि खिशांत मोबाइल असतांना त्याची गरज तरी काय, असे दोन प्रश्न त्यांनीं आम्हांस केले आहेत.

आम्ही नाविक नव्हों. परंतु आमच्या हाताखालीं शिकलेले एक गृहस्थ व्यापारी जहाजांवर अधिकारी होते. त्यांजपाशीं बसून हा विषय आम्हीं समजून घेतला. गुरूनें शिष्याकडून शिकावें यांत कमीपणा नाहीं.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आधीं देतों. मोबाइल जवळ असावाच. पण तो एका माणसाशीं बोलतो. बिनतारी यंत्र आसमंतांतील सर्वांस हाक मारतें. १५६.८ मेगाहर्ट्झवरील १६ क्रमांकाचा चॅनेल जगभर संकटकाळच्या हाकेसाठीं ठेवलेला आहे. ब्रिटनचें तटरक्षक दल त्यावर अहोरात्र कान देऊन असतें, आणि अर्ध्या मैलावरून चाललेली दुसरी होडीही ती हाक ऐकूं शकते. बहुधा तीच प्रथम धांवून येते. शिवाय ओल्या बोटांनीं मोबाइलची कांच दाबून पाहावी, म्हणजे आमचें म्हणणें पटेल.

आतां निवडीकडे वळूं. दुकानदार प्रथम वॅटचा आंकडा सांगतो. हातांतलीं यंत्रें सामान्यतः ५ किंवा ६ वॅटचीं असतात, व होडीवर पक्कीं बसविलेलीं २५ वॅटचीं. परंतु या लहरी जवळजवळ सरळ रेषेंत जातात, क्षितिजापलीकडे फारशा वळत नाहींत. म्हणून पल्ला शक्तीपेक्षां अँटेनाच्या उंचीवर अधिक अवलंबून असतो. हिशेब शाळकरी मुलासही करतां येईल. दोन्हीं अँटेनांची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरांत घ्यावी, प्रत्येकीच्या वर्गमुळास ४.१ नें गुणावें व बेरीज करावी. येईल तो किलोमीटरांतला पल्ला. दोन होड्यांत बसलेल्या दोघांचीं यंत्रें पाण्यापासून एकेक मीटरवर असलीं, तर पल्ला ८ किलोमीटर भरतो. समोरच्याची अँटेना १६ मीटर उंच डोलकाठीच्या टोंकावर असली, तर तोच २० होतो. हीही कमाल मर्यादा. प्रत्यक्षांत कमीच धरावें. तेव्हां पांचांचे सहा वॅट करण्यासाठीं अधिक पैसे मोजण्यांत हंशील नाहीं.

मग पैसे कशासाठीं मोजावे? आमच्या शिष्यानें उलट आम्हांसच विचारलें, "मास्तर, होडी उलटली तर यंत्र कोठें असेल?" सारें मर्म या प्रश्नांत आहे. पक्कें यंत्र पाण्यांत जातें, डोलकाठी मोडली कीं तिच्यावरची अँटेनाही जाते. हातांतलें यंत्र अंगावरच्या लाइफ जॅकेटास बांधलेलें असेल, तरच तें माणसाबरोबर राहतें. पेटींत ठेवलेलें यंत्र नसल्यासारखेंच.

म्हणून तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, तें पाण्यांत टिकावें. आयपीएक्स ७ या खुणेचा अर्थ एक मीटर खोल पाण्यांत अर्धा तास निभाव लागतो असा आहे. परंतु न भिजणें वेगळें व तरंगणें वेगळें, तरंगणारेंच घ्यावें. दुसरी, त्यांत डीएससी व जीपीएस असावें. मग झांकणाखालचें तांबडें बटण दाबून धरलें असतां ७० क्रमांकाच्या चॅनेलवरून होडीची ओळख व ठिकाण आपोआप कळविलें जातें. घाबरलेल्या माणसास अक्षांश-रेखांश वाचावे लागत नाहींत. यासाठीं नऊ आंकडी ओळखक्रमांक मिळवून यंत्रांत भरावा लागतो. तो न भरल्यास बटण निरुपयोगी. तिसरी, विद्युत्‌घट. त्याच्या तासांचा जाहीर आंकडा बहुधा शेंकडा ५ काळ बोलणें, ५ ऐकणें व ९० नुसतें जागें राहणें असा धरून काढलेला असतो. संकटांत बोलणें वाढतें आणि घट लौकर संपतो. म्हणून साधे कोरडे सेल घालण्याचीही सोय असल्यास उत्तम.

यंत्र तिकडेच विकत घ्यावें, येथून पाठवूं नये. भारतांत अशा यंत्रास सरकारी परवाना लागतो. ब्रिटनमध्यें तो विनामूल्य मिळतो, पण यंत्र चालविणारास परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावें लागतें. मात्र प्राणसंकटांत कोणीही तें वापरूं शकतो.

आणि येथेंच आमचें खरें सांगणें आहे. होडींतून पाण्यांत पडण्याचा संभव ज्यास अधिक, तो शिडें ओढणारा, म्हणजे बाईंचे चिरंजीवच. त्या घटकेस होडींत उरतील त्या सूनबाई व सात वर्षांची नात. तांबडें बटण कोठें आहे, १६ वर कसें जावें, 'मेडे' हा १९२७ सालच्या वॉशिंग्टन परिषदेनें मान्य केलेला शब्द तीनदां उच्चारून होडीचें नांव, ठिकाण, संकट व माणसांची संख्या कशी सांगावी, हें त्या दोघींस मुखोद्गत पाहिजे. शाळेंत आम्ही पाठ म्हणवून घेत असूं तसें तें किनाऱ्यावर, यंत्र बंद ठेवून, म्हणवून घ्यावें.

मिळविणें तो योग आणि मिळविलेलें राखणें तो क्षेम. यंत्राचा योग पैशानें साधेल. क्षेम मात्र दर शनिवारीं रात्रीं घट भरून ठेवण्यांत व त्या पाठांत आहे. बाईंनीं भेट मुलाच्या वाढदिवसास द्यावी, पण द्यावी सुनेच्या हातीं.