पंधरा दिवसांचे विद्यादान

वाचकहो, दिल्लीच्या सरकारने कामकरी वर्गासाठी एक नवे विद्यादान काढले आहे. कोणतीही गोष्ट फळ्यावर मांडून पाहण्याची आम्हां मास्तरांना खोड असते; म्हणून आधी या दानाचा हिशेब करू आणि मग बोलू.

संसदेने २०२० मध्ये औद्योगिक संबंध संहिता मंजूर केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. तिच्या ८३ व्या कलमात कामगारांसाठी ‘री-स्किलिंग फंड’, म्हणजे नवा हुन्नर शिकण्यासाठी निधी, सांगितला आहे. मालकाने कपात करून कामगार कमी केला, तर त्याच्या शेवटच्या पगाराच्या दराने पंधरा दिवसांची मजुरी मालकाने या निधीत भरायची, आणि ती पंचेचाळीस दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यावर जमा व्हायची. कपातीची नुकसानभरपाई असते ती वेगळी. ही रक्कम खास शिकण्यासाठी. ऐकावयास गोड आहे. आता फळ्याकडे पाहा. महिना १८ हजार मिळवणाऱ्या माणसाच्या हातात यातून नऊ-दहा हजार रुपये पडतात. आयटीआयमधील इलेक्ट्रिशियनचा किंवा मोटार मेकॅनिकचा कोर्स दोन वर्षांचा. दोन वर्षांचे दिवस ७३०. त्यांतून पंधरा वजा करा, उरले ७१५. तीन महिन्यांचा छोटा कोर्स धरला तरी ९० दिवसांतले ७५ उरतातच. या उरलेल्या दिवसांत त्या गृहस्थाने बायकोपोरांना काय खाऊ घालावे आणि खोलीचे भाडे कोठून द्यावे, हे कलमात लिहिलेले नाही.

हा विषय आम्ही का काढला ते सांगतो. आम्ही पालघर तालुक्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आमच्या हाताखालून गेलेली पोरे कोणी बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, कोणी वसईकडे, कोणी डहाणू लोकल धरून आणखी पुढे कामाला जातात. आमच्या नोकरीच्या पहिल्या वर्षातला एक विद्यार्थी मागच्या पावसाळ्यात घरी आला. दहावीनंतर त्याने टर्नरचा कोर्स केला आणि मोटारीच्या इंजिनाचे भाग बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात अकरा वर्षे लेथवर काढली. अर्थात ठेकेदाराच्या हजेरीपटावर. त्या भागांची मागणी उतरू लागली तेव्हा कारखान्याने एक दिवसाचे शिबिर भरवले. शहरातून एक साहेब आले, त्यांनी पडद्यावर इंग्रजी अक्षरे दाखवली, दुपारी पुलाव मिळाला, संध्याकाळी रंगीत प्रमाणपत्र मिळाले. पुढच्या महिन्यात ठेका संपला. तो आमच्या ओटीवर बसून म्हणाला, “गुरुजी, मला काय शिकवलं म्हणून यात लिहिलंय, तेवढं वाचून सांगा.”

आम्ही वाचून सांगितले. त्यात लिहिले होते की, सदर व्यक्तीस विजेवर चालणाऱ्या वाहनांचे प्रशिक्षण देण्यात आले आहे. ज्याच्या हाती त्या दिवशी साधा मल्टिमीटरसुद्धा आला नाही, त्यास हे प्रमाणपत्र! तो हसला, आम्हांस हसू आले नाही.

आता कोणी म्हणेल की, पालघर जिल्ह्यात मोटारींचा कारखाना आहे कोठे? तारापूर ओळखले जाते ते रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांसाठी. खरे आहे. परंतु मोटार काही एकाच छपराखाली जन्मत नाही. तिचे शेकडो भाग लहानमोठ्या शेडांतून घडतात, आणि त्या शेडांत घाम गाळणारे हात आमच्याच गावांतले असतात. शिवाय मोटार विकली गेल्यावर तिला आयुष्यभर सांभाळणारे कोण? मनोरला, चिल्हार फाट्यावर, बोईसरच्या रस्त्याला जी गॅरेजे आहेत, तेथील मिस्त्री. उस्तादाच्या शिव्या खात, काळ्या ऑइलात कोपरापर्यंत हात बुडवून त्यांनी विद्या मिळवली. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून कोणता व्हॉल्व्ह बिघडला ते सांगणारी माणसे आमच्या पाहण्यात आहेत.

परंतु विजेच्या गाडीत तो आवाजच नाही. तिला पिस्टन नको, क्रँकशाफ्ट नको, व्हॉल्व्ह नको, स्पार्क प्लग नको, सायलेन्सर नको, इंजिन ऑइल नको. त्यांच्या जागी मोटर, बॅटरी आणि त्या दोहोंवर हुकूम चालवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी. जुन्या गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. तिला हात लावून कोणी मेला नाही. विजेच्या चारचाकीतील मुख्य बॅटरीचा दाब बहुधा ३०० व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. आपल्या घरातली वीज २३० ची. नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसल्या की आधी प्रवाह तोडावयाचा, रबरी हातमोजे घालावयाचे, मीटरने तपासावयाचे आणि मगच पाना लावावयाचा. हे ज्यास कोणी शिकवले नाही, त्याची नुसती मजुरी बुडत नाही. त्याच्या जिवाशी गाठ आहे.

अजून रस्त्यावर पेट्रोल-डिझेलच्याच गाड्या पुष्कळ आहेत आणि त्या काही उद्या सकाळी नाहीशा होत नाहीत. म्हणजे शिकवण्यास वेळ आहे. भूकंप सांगून येत नाही. हा बदल मात्र दवंडी पिटून येत आहे. मग सांगून आलेल्या संकटातही कामकऱ्याचीच मान अडकणार असेल, तर तो दैवाचा दोष नव्हे. तो माणसांचा दोष आहे.

आमचे मुख्य म्हणणे असे की, काढून टाकल्यावर शिकवणे म्हणजे वरातीमागून घोडे. काम हातात असता, पगार चालू असता शिकवले पाहिजे. काम गेलेल्या माणसाचे डोके चुलीकडे असते, पुस्तकाकडे नसते. याचा दाखला दूर नाही, मावळात आहे. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबले. एप्रिल २०२१ मध्ये हजारावर कामगारांस ले-ऑफची नोटीस मिळाली. ले-ऑफमध्ये कायद्याने मिळावयाचा तो अर्धा पगार. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. कारखान्याच्या इमारतींस ह्युंदाईच्या रूपाने नवा धनी मिळाला. करार ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि ताबा २०२४ च्या जानेवारीत गेला. उत्पादन थांबल्यापासून ताब्यापर्यंत तीन वर्षे गेली. तीन वर्षांत एक सोडून दीड कोर्स पुरा होतो! त्या हजार हातांना त्या काळात पगारासह नवा हुन्नर शिकवण्याचे बंधन कोणावर होते? कोणावरच नव्हते. यंत्रे झाकून ठेवली जातात, त्यांस गंज चढू नये म्हणून तेलपाणी होते. माणसाच्या हुन्नराला गंज चढला तर त्याचा खर्च कोणाच्याच वहीत लिहिला जात नाही.

मागे वळून पाहिले तर आणखी चमत्कार दिसतो. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बसल्या. तेव्हा १९८६ मध्ये केंद्र सरकारने कायमच्या बंद पडलेल्या गिरण्यांतील कामगारांसाठी एक पुनर्वसन निधी काढला. त्याच्या अटी जाचक होत्या आणि गिरणगावाचे दुःख त्याने हटले नाही, हे जगजाहीर आहे. पण कागदावर तरी काय होते? पात्र कामगारास पहिल्या वर्षी मजुरीच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के, तिसऱ्या वर्षी २५ टक्के. तेव्हाच्या कागदावर उतरती का होईना, तीन वर्षे होती. आताच्या कागदावर पंधरा दिवस आहेत. यास प्रगती म्हणावे की काय, ते वाचकांनीच ठरवावे.

परदेशात काय चालते तेही पाहू. कार्ल बेंझने १८८६ मध्ये मोटारीचे पेटंट घेतले त्या जर्मनीतही हेच संकट आहे. तेथे १ एप्रिल २०२४ पासून एक नवी तरतूद झाली. धंदा बदलल्यामुळे ज्यांचे काम जाण्याचा संभव आहे, त्यांना कामावर ठेवूनच शिकवावयाचे. शिकण्याच्या काळात बुडणाऱ्या निव्वळ पगाराचे ६० टक्के, आणि मूल असेल तर ६७ टक्के, सरकारी रोजगार खात्याने द्यावयाचे. शिकवण्याचा खर्च मालकाने सोसावयाचा. आणि शिक्षण १२० तासांहून अधिकच असले पाहिजे. जर्मनी श्रीमंत आहे, आपण गरीब आहोत, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु ‘आधी शिकवणे, मग बदलणे’ हा क्रम ठेवण्यास श्रीमंती लागत नाही, नियत लागते.

आता त्या पंधरा दिवसांचे तरी धनी कोण? संहितेत ‘कपात’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तीतून मुदतीच्या नेमणुकीचा कामगार मुदत संपताच बाहेर पडतो. ठेकेदाराचा मजूर तर ‘ठेका संपला’ या दोन शब्दांनीच घरी जातो. त्याची कपात झाली हे सिद्ध करावयास त्याने कोणत्या कोर्टाची पायरी झिजवावी? बोईसरच्या नाक्यावर सकाळी उभे राहून पाहावे म्हणजे कळेल की, आमचे वारली, कोकणा, कुणबी, आगरी, मांगेले बांधव आणि परप्रांतांतून आलेले त्यांचे सोबती बहुतांशी कोणत्या हजेरीपटावर आहेत. ज्याला गरज अधिक त्याला दान नाही, असा हा न्याय आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. विद्या ज्या भाषेत कोंडून ठेवावी, त्या भाषेच्या दाराशी बहुजनांनी उभे राहावे, ही रीत जुनी आहे. पूर्वी कुलूप संस्कृतचे होते, आता इंग्रजीचे. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे मागितले होते की, प्राथमिक शाळांचे शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, आणि वेळ पडल्यास नांगर किंवा सुताराचे हत्यार हाती धरण्याची त्यांना लाज वाटू नये. आज तीच मागणी कारखान्याच्या दारात केली पाहिजे. विजेच्या गाडीचे पुस्तक मराठीत असावे, आणि ते शिकवणारा स्वतः पाना धरलेला असावा. ‘व्होल्ट’, ‘बॅटरी’, ‘कंट्रोलर’ हे शब्द आमच्या पोरांना कळतात. त्यांच्याभोवतीची वाक्ये मात्र त्यांच्या भाषेत पाहिजेत.

मालकलोक म्हणतात, शिकवलेला गडी दुसरीकडे पळतो. अहो, जेथे पगार बरा तेथे तो जाईल. आपणही जेथे जमीन स्वस्त तेथे कारखाना नेताच की! दुसरे म्हणतात, चाळिशीच्या माणसाला नवे शिकता येत नाही. आम्ही स्वतः चाळिशी ओलांडली आहे, आणि सरकार दरवर्षी आम्हांस नवे ॲप शिकावयास लावते. आम्ही शिकतो, कारण त्या दिवसांचा पगार चालू असतो.

दोष केवळ दुसऱ्यांस देऊन आम्ही मोकळे होऊ इच्छीत नाही. आम्ही मास्तरांनी पाढे घोकून घेतले, पण एक बल्ब आणि सेल देऊन वर्तुळ कोठे तुटले ते शोधावयास क्वचितच लावले. आयटीआयला जाणारा तो ढ, आणि खुर्चीवर बसणारा तो हुशार, ही समजूत आमच्या शाळेतच पोसली गेली. आणि बांधवांनो, तुम्हीही लग्नात डीजेला हजारो मोजता. तेच पैसे पोराच्या आयटीआयला आणि हत्यारांना लावा, असे कोणी सांगितले की तो तुम्हांस शत्रू वाटतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली, तेव्हा कुठे १८९० मध्ये रविवारची सुटी पदरात पडली. ती सुटी कोणी भीक म्हणून घातली नव्हती. शिकण्याचे दिवसही कोणी आपण होऊन घालणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. कपातीच्या आधी शिक्षण, आणि शिकण्याचे दिवस पगारी. ठेक्याचा व मुदतीचा कामगार यात धरलेला असावा. शिक्षण मराठीत, हातात हत्यार देऊन. तालुक्याच्या आयटीआयची दारे संध्याकाळी आणि रविवारी कामावरच्या माणसांसाठी उघडावीत. इमारत तीच, यंत्रे तीच, फक्त दिवा लावावयाचा आहे. गॅरेजच्या मिस्त्रीने वर्षानुवर्षे मिळवलेल्या विद्येची परीक्षा घेऊन त्याला दाखला द्यावा आणि पुढचे तेवढेच शिकवावे. त्यास पुन्हा पहिलीत बसवू नये. युनियनच्या बांधवांनी बोनसच्या मागणीबरोबर ही मागणी लिहावी, आणि ग्रामसभांनी तिचा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे धाडावा. ठरावाचा मसुदा करून देण्यास आम्ही तयार आहोत. मास्तराचे अक्षर एवढ्या तरी कामास यावे.

आमचा तो विद्यार्थी सध्या चिल्हार फाट्यावर टायरचे पंक्चर काढतो. टायर विजेच्या गाडीलाही लागतात, एवढेच काय ते त्याचे भाग्य. लेथवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक ओळखणारा तो हात आहे. त्याचे रंगीत प्रमाणपत्र त्याने आमच्यापाशीच ठेवले आहे. त्यावर जे लिहिले आहे ते एक दिवस खरे व्हावे, एवढ्यासाठी आम्ही ते जपून ठेवले आहे.