टोपी घालणारे आणि घालून घेणारे

दुसऱ्या महायुद्धातील लष्करी टोप्यांना अलीकडे चांगलाच भाव आला आहे. एके काळी पत्र्याच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीने पडून असलेली खाकी घडीची टोपी आता संग्राहकांच्या काचेच्या कपाटात जाऊन बसली आहे. जुन्या वस्तूंविषयी आस्था उत्पन्न व्हावी यात वाईट काहीच नाही. वाईट आहे ते निराळेच. विकायला येणारी जी ती टोपी आझाद हिंद सेनेची असते! १९४५ पर्यंत हिंदी सैन्याची संख्या सुमारे पंचवीस लाखांवर गेली होती. आझाद हिंद सेनेत, तिच्या ऐन भराच्या काळातही, चाळीस हजारांच्या आसपास सैनिक होते. मग त्या पंचवीस लाखांच्या टोप्या गेल्या कोठे, आणि या चाळीस हजारांच्या एवढ्या उरल्या कशा?

टोप्या त्याच आहेत, बिल्ले बदलले आहेत. 'टोपी घालणे' या शब्दप्रयोगाला मराठीत जो अर्थ आहे, तो इतक्या शब्दशः खरा झालेला क्वचितच पाहावयास मिळेल.

आमच्या तात्यापाऱ्यातील एका परिचितांनी अशी एक टोपी घेतली. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या प्रांतात वस्ती करून राहिलेल्या आम्हां मराठी माणसांना अशा वस्तूंचे वेड जरा अधिकच असते. मुलूख सुटला की माणसे वस्तूंना धरून राहतात. टोपी त्यांनी मोठ्या अभिमानाने दाखविली. मी ती उलटी करून पाहिली, हे त्यांना रुचले नाही. परंतु टोपी जे काही सांगते ते आतून सांगते. बाहेरून बोलतो तो दुकानदार.

ही टोपी म्हणजे युद्धकाळी सर्रास वापरात असलेली फील्ड सर्व्हिस कॅप. दोन बाजूंचे दोन पट, माथ्यावर त्यांना जोडणारी पट्टी, भोवती वर दुमडलेली झालर आणि ती पुढे अडकविण्यासाठी दोन लहान पितळी गुंड्या. गुंड्या सोडल्या की झालर खाली येते आणि थंडीत कान झाकते. कापड लोकरी सर्जचे. मलायाच्या दमट उकाड्यात लोकरीची टोपी घालून कोण फिरत असेल, हा प्रश्न येथेच मनात यावा. तथापि तेवढ्यावरून निकाल देणे बरे नव्हे. कापड खरे होते. कसरीने खाल्लेली भोके अस्ताव्यस्त होती आणि दुमडीच्या कडा वापराने झिजलेल्या होत्या; झीज अशी हुबेहूब करता येणे कठीण. निघालेल्या एका धाग्याला काडी लावली तेव्हा केस जळाल्याचा वास आला आणि बोटांत चुरा होणारी काळी राख उरली. ती लोकर होती यात शंका नाही.

बिल्ला पाहू गेलो तेव्हा गोष्ट बदलली. वर्षानुवर्षे एका जागी बसलेल्या बिल्ल्याखालचे कापड उन्हापासून वाचते, म्हणून भोवतालच्या कापडापेक्षा गडद राहते. पितळेचा हिरवट कळंकही तेथे उतरतो. या बिल्ल्याखाली तसे काहीच नव्हते. दोन ताजी गोल भोके, आणि खालचे कापड शेजारच्या इतकेच विटलेले. त्याच्यापासून अर्ध्या बोटावर मात्र एक गडद डाग होता, त्यात उभी चीर आणि चिरेच्या कडेला कळंक. तेथे पूर्वी दुसराच बिल्ला होता. तो कोणता, हे सांगता येण्याइतका डाग स्पष्ट नव्हता. म्हणून मी सांगणार नाही.

आतले अस्तर नवे होते. त्याच्या शिवणीतील धागा पेटविला तर तो जळण्याऐवजी वितळला आणि त्याचा कडक मणी झाला. हे पॉलिएस्टर. त्याचा शोध १९४१ मध्ये इंग्लंडात लागला खरा, परंतु कापडाच्या बाजारात ते आले युद्ध संपल्यावर, १९५० नंतरच्या दशकात. अतिनील दिव्याखाली धरले तेव्हा अस्तर निळसर पांढरे चमकले. हल्लीच्या धुलाईच्या पावडरीनेही जुने कापड असे चमकू शकते, म्हणून मी दिव्यापेक्षा त्या मण्यावर अधिक विश्वास ठेवतो. आणि माथ्याच्या शिवणीत जुन्या अस्तराची बोटभर पट्टी अडकून राहिली होती. तिच्यावर शाईने लिहिलेल्या दोन आकड्यांचे पाय तेवढे उरले होते. शिपाई आपल्या चीजवस्तूंवर आपला क्रमांक घालीत. तो क्रमांक कोणीतरी कात्रीने कापून काढला होता.

"भावना महत्त्वाची, चिकित्सा कशाला? आझाद हिंदच्या वस्तूवर शंका घेणे हा सुभाषबाबूंचा अपमान नव्हे काय?" हा युक्तिवाद मी त्या दिवशी ऐकला आणि अन्यत्रही ऐकला आहे. अपमान कोणाचा होतो ते नीट पाहू. सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ रोजी पडले, तेव्हा शरण आलेल्या हिंदी शिपायांतूनच ही सेना उभी राहिली. त्यांच्या अंगावर जे कपडे होते ते ब्रिटिश हिंदी सैन्याचेच. सेनेचे चीफ ऑफ स्टाफ जगन्नाथराव भोसले सावंतवाडीकडच्या तिरोड्याचे. त्यांनीही आधी इंग्रजी सनदेचीच टोपी घातली होती. म्हणजे कापड आणि टाका यांवरून फार तर काळ ठरेल. टोपीखालचे डोके कोणत्या बाजूचे होते हे कापड कधीच सांगणार नाही. ते सांगते कागद, क्रमांक, घरातली सांगोवांगी नव्हे तर नोंद. मी कारकून आहे, नोंदवहीचा पक्षपाती आहे, हे खुशाल म्हणावे. २३ जानेवारी २०१९ रोजी लाल किल्ल्यात सुभाषबाबूंचे संग्रहालय उघडले आणि बोस कुटुंबीयांकडून आलेली त्यांची टोपी तेथे ठेवण्यात आली. २०२१ मध्ये ती जागेवर नाही म्हणून ओरड झाली, तेव्हा ती प्रदर्शनासाठी कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलला उसनी दिल्याचा खुलासा झाला. टोपी कोणी दिली, कोठे गेली, हे सांगता आले म्हणून ओरड थांबली. त्या टोपीचा यात कोणता अपमान झाला?

अपमान झाला आहे तो त्या क्रमांकाच्या शिपायाचा. तो कोण होता? कदाचित साताऱ्याकडचा, कदाचित कोकणातला. पाचव्या मराठा पलटणीचाही असेल किंवा नसेलही. त्या पलटणीचे लोक १९४१ साली केरेनला लढले, १९४४ च्या मार्चमध्ये सांगशाकला जपान्यांच्या वेढ्यात झुंजले, आणि इटलीत यशवंत घाडगे व नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविले. घाडगे तर तेथेच पडले. हे लोक इंग्रजांच्या चाकरीत होते, या एवढ्या गोष्टीची आम्हांला आज लाज वाटते. लाज वाटत असेल तर तसे स्पष्ट म्हणावे, त्यावर वाद घालावा. पोटासाठी पलटणीत गेलेल्या माणसाच्या टोपीवर दुसऱ्याच्या त्यागाचा बिल्ला लावून त्याला परस्पर देशभक्त करणे, हा त्याच्यावरही अन्याय आणि ज्यांनी खरोखर टोपी फिरविण्याचे धाडस केले त्यांच्यावरही. इटलीतील मोंतोने या गावी २०२३ मध्ये यशवंत घाडग्यांच्या नावे स्मारक उभे राहिले. त्या गावकऱ्यांना त्यांचा बिल्ला बदलावा लागला नाही.

ज्यांच्या ट्रंकेत अशी टोपी अजून असेल त्यांनी ती धुऊ नये, इस्त्री करू नये, अस्तर बदलू नये. अस्तरावर क्रमांक असेल तर तो उतरवून घ्यावा, आजोबांचे नाव, गाव, तालुका आणि पलटण एका कागदावर लिहून तो कागद टोपीतच घडी करून ठेवावा. पलटण मराठ्यांची असेल तर बेळगावच्या केंद्राकडे विचारपूस करावी. आणि दुकानदार दारात आलाच, तर त्याला आधी विचारावे की बिल्ला कोठून आणला.