आर्कमॅप निवृत्त! आता आर्कजीआयएस प्रो की फुकटचं क्यूजीआयएस? सोलापूरच्या पुरावरून समजून घ्या

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला आणि सोलापूर जिल्ह्यात शेतंच्या शेतं पाण्याखाली गेली. अशा वेळी कुठल्या गावात किती हेक्टरवर पाणी होतं, हे नकाशावरून काढता येतं. हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला जीआयएस म्हणतात. सध्या या क्षेत्रात एक मोठा बदल होतोय.

नेमकं काय बदललं?

एस्री या अमेरिकन कंपनीचं आर्कमॅप हे कित्येक वर्षं सरकारी कार्यालयं, कॉलेजं आणि सर्व्हे कंपन्यांचं नेहमीचं साधन होतं. कंपनीनं त्याच्या निवृत्तीची तारीख १ मार्च २०२६ ठरवली. त्यानंतर जुनं आर्कमॅप सुरू होईल, पण त्यातल्या चुका दुरुस्त करून मिळणार नाहीत. म्हणजे आता निवड करावीच लागणार. मुख्य पर्याय दोन: एस्रीचंच आर्कजीआयएस प्रो किंवा २००२ मध्ये सुरू झालेलं, मुक्त परवान्याचं क्यूजीआयएस.

दोन्हींत फरक काय?

प्रो फक्त विंडोजवर चालतं आणि त्यासाठी परवान्याचे पैसे मोजावे लागतात. बदल्यात कंपनीची मदत मिळते, अनेकांनी एकाच डेटावर काम करण्याची बसलेली घडी मिळते आणि आर्कमॅपमधले जुने नकाशे, म्हणजे एमएक्सडी फाइली, आत घेता येतात.

क्यूजीआयएस विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. कितीही संगणकांवर टाका, परवान्याचा खर्च शून्य. पण अडलं तर हक्कानं फोन करायला कंपनी नाही. एमएक्सडी फाइल थेट उघडत नाही. शिकण्याचा आणि जुनं काम नव्यानं मांडण्याचा वेळ हाच इथला खर्च.

पुराचं गणित कुठे चुकतं?

युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाची रडार चित्रं मोफत मिळतात आणि ढगांचा त्यांना अडथळा होत नाही. साचलेलं पाणी त्यात काळं दिसतं. त्यावर गावांच्या हद्दी ठेवल्या की क्षेत्रफळ निघतं. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये हे जमतं.

खरी गोम वेगळीच आहे. ऑनलाइन नकाशे ज्या वेब मर्केटर पद्धतीत असतात, त्यात सोलापूरच्या अक्षांशावर क्षेत्रफळ साधारण १० टक्के फुगतं. १०० हेक्टरचे ११० हेक्टर होतात! त्यामुळे मोजणीआधी डेटा यूटीएमच्या ४३ व्या विभागात आणावा लागतो. सोलापूर याच विभागात येतं, नागपूर मात्र ४४ व्यात. ही काळजी माणसानं घ्यायची असते. महागडं सॉफ्टवेअर घेतलं म्हणून चूक टळत नाही.

आणखी एक मर्यादा. दाट उभ्या उसाखालचं पाणी या रडारला नीट दिसत नाही. म्हणून सोलापूरसारख्या उसाच्या जिल्ह्यात फक्त नकाशा बघून 'इथे पाणी नव्हतं' असं ठरवता येत नाही. बांधावरचा पंचनामा लागतोच.

फाइल कुठल्या प्रकारात आहे, याला इतकं महत्त्व का?

आजही बराच डेटा शेपफाइलमध्ये फिरतो. त्यात रकान्याचं नाव १० बाइटमध्ये बसवावं लागतं. देवनागरीचा प्रत्येक अक्षर-संकेत यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतो. म्हणजे 'गाव' बसतं, 'गावाचे नाव' बसत नाही. जिओपॅकेज या खुल्या प्रकारात ही अडचण नाही आणि तो दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये उघडतो.

मग कोणी काय घ्यावं?

विद्यार्थी, संशोधक, ग्रामपंचायत, छोटा सल्लागार: क्यूजीआयएस पुरेसं आहे. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीय व्यक्तींना आणि कंपन्यांना नकाशे बनवायला पूर्वपरवानगी लागत नाही. त्यामुळे दोन-तीन जणांनाही हा व्यवसाय सुरू करता येतो.

ज्या कार्यालयाचं वर्षानुवर्षांचं काम एस्रीच्या पद्धतीत आहे आणि ज्यांना करारानं मदत हवी, त्यांना प्रोकडे जाणं सोपं पडेल. नोकरी शोधणाऱ्यांनी मात्र दोन्ही शिकावं. मूळ संकल्पना त्याच आहेत, बटणं तेवढी बदलतात.

सामान्य माणसाचा यात काय संबंध? मालमत्ता कर असो वा पूरनुकसान, तुमच्या घराचा आणि शेताचा हिशोब हळूहळू अशाच नकाशांवर होणार आहे. सरकारी कार्यालयानं कुठलंही सॉफ्टवेअर वापरावं, पण तयार झालेला डेटा खुल्या प्रकारात द्यावा, अशी अट निविदेतच हवी. आकडा चुकीचा वाटला, तर शेतकऱ्याला किंवा गावातल्या एखाद्या जाणकार पोराला तो नकाशा स्वतःच्या लॅपटॉपवर उघडून तपासता आला पाहिजे.