आलोचना : दुसऱ्याची नव्हे, स्वतःची

सोलापुरातल्या जैन मंदिरात ‘आलोचना पाठ’ म्हणणारा माणूस कोणावर टीका करीत नसतो, तो स्वतःचे दोष बोलून दाखवत असतो. तरीही हिंदीच्या संगतीने ‘आलोचना म्हणजे टीका’ असे आपणही मानू लागलो आहोत. त्याच्या जोडीला आणखी एक मत ऐकू येते : पापाची कबुली ही कल्पनाच मुळी पोर्तुगिजांबरोबर इकडे आली. दोन्ही मते चूक आहेत.

आधी शब्द पाहू. ‘लोच्’ म्हणजे पाहणे. ‘लोचन’ याच धातूचे आणि क्रिकेटचे ‘धावते समालोचन’ही याच धातूचे. पाहण्यात निंदा कुठून आली? जैन शास्त्राने ही नजर आत वळवली. आपले दोष न्याहाळून गुरूपुढे जसेच्या तसे मांडणे, ही आलोचना. तत्त्वार्थसूत्रात प्रायश्चित्ताचे ९ प्रकार सांगितले आहेत, त्यांत पहिला हाच.

आता दुसरे मत. गोव्यातल्या ख्रिस्ती समाजाचा ‘कुमसार’, म्हणजे पाद्र्यापुढे दिलेली पापाची कबुली, पोर्तुगिजांकडून आला, हे खरे. पण शब्द परका म्हणून कल्पनाही परकी ठरत नाही. रोमन चर्चने वर्षातून एकदा कबुली देणे सक्तीचे केले ते १२१५ साली. आलोचनेची चर्चा करणारी, शिवार्य या जैन आचार्यांची ‘भगवती आराधना’ त्याच्या कित्येक शतके आधीची. पाप बोलून दाखवल्याने माणूस त्यातून सुटतो, असे मनुस्मृतीही सांगते.

‘भगवती आराधना’ १९३५ साली ‘मूलाराधना’ या नावाने सोलापुरातच छापली गेली. आलोचनेत माणूस कशी लबाडी करतो, याचे १० प्रकार तिने नोंदवले आहेत. सौम्य प्रायश्चित्त मिळावे म्हणून आधी गुरूची करुणा जागवणे, हा ‘आकंपित’ दोष. लोकांनी पाहिले तेवढेच कबूल करणे, हा ‘यद्दृष्ट’. गुरूला नीट ऐकू जाऊ नये म्हणून गोंगाटात बोलणे, हा ‘शब्दाकुलित’. मनाच्या इतक्या चोरवाटा ज्या परंपरेने मोजल्या, तिला कबुली बाहेरून उसनी का घ्यावी लागेल?

दोन्ही परंपरा एकच, असे माझे म्हणणे नाही. चर्चमध्ये पाद्री देवाच्या नावाने पापमुक्ती देतो. जैन गुरू प्रायश्चित्त सांगतो, कर्म मात्र ज्याचे त्यानेच तपाने झाडायचे असते.

म्हणून आग्रह एवढाच : दुसऱ्याचे दोष काढायला ‘टीका’ आहे, ग्रंथ पारखायला ‘समीक्षा’ आहे. ‘माझे चुकले’ हे पूर्ण आणि स्पष्ट सांगण्यासाठी ‘आलोचना’ राखून ठेवू या.