डास बाहेरून येतात की घरातच जन्मतात?

संध्याकाळचे सहा वाजले की शहरातील बहुतेक इमारतींमध्ये एकच धावपळ सुरू होते. "अगं, खिडक्या लावल्यास का? दिवेलागण झाली, आता घर भरेल डासांनी!" सासूबाई देवघरातून विचारतात. "लावल्या हो आई, मशीनही सुरू केलंय," सून स्वयंपाकघरातून उत्तर देते. बाल्कनीचे दार बंद, कोपऱ्यात कॉइलचा धूर, भिंतीवर लिक्विडचे मशीन आणि हातात विजेची रॅकेट घेऊन सोफ्यावर उभे राहिलेले चिरंजीव! एवढा बंदोबस्त करूनही रात्री दोन वाजता कानाशी गुणगुण ऐकू येतेच. आणि सकाळी टेबलाशी अभ्यासाला बसलेल्या मुलीच्या पायांवर लाल गांधी उठतात.

खिडक्या तर वेळेवर बंद केल्या होत्या. मग हे डास आले कोठून?

उत्तर थोडे अप्रिय आहे. त्यांतले काही डास खिडकीतून आलेलेच नसतात. ते याच घरात जन्मलेले असतात. कोणी तुळशीच्या कुंडीखालच्या थाळीत, कोणी फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये, तर कोणी दिवाणखान्यात हौसेने ठेवलेल्या मनीप्लँटच्या बाटलीत. दर महिन्याच्या वाणसामानात कॉइल आणि लिक्विडवर पैसे खर्च होतात, पण त्या थाळीकडे कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक डासांविरुद्धची अर्धी लढाई तेथेच जिंकता येते, आणि तीही फुकटात.

तीन घराणी, तीन सवयी

डास म्हटले की सगळे सारखेच, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु आपल्या शहरांत प्रामुख्याने तीन प्रकारचे डास त्रास देतात आणि तिघांच्या सवयी वेगळ्या आहेत.

पहिला क्युलेक्स. गटारे, तुंबलेल्या मोऱ्या, सेप्टिक टँक अशा घाण पाण्यात हा वाढतो आणि रात्री चावतो. कानाशी गुणगुणणारा बहुधा हाच. हत्तीरोगाचा प्रसार याच्यामुळे होतो.

दुसरा ॲनाफिलीस, हिवतापाचा म्हणजेच मलेरियाचा वाहक. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डॉ. रोनाल्ड रॉस यांना अशाच एका डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू सापडले आणि शतकानुशतकांचे कोडे सुटले. म्हणूनच २० ऑगस्ट हा दिवस जागतिक डास दिन म्हणून पाळला जातो. या कुळातील शहरी डासाला विहिरी आणि इमारतींच्या टाक्यांमधले स्वच्छ पाणी आवडते. तोही रात्रीच चावतो.

तिसरा एडिस. काळ्या अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे असलेला हा डास डेंग्यू व चिकुनगुनियाचा प्रसार करतो. घरात आणि घराभोवती साठलेल्या लहानसहान स्वच्छ पाण्यात तो वाढतो. मुख्य म्हणजे तो दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि दुपार कलल्यानंतर. संध्याकाळी सहाला खिडक्या लावणाऱ्या घरांची येथेच फसगत होते. पहिल्या दोघांना अडवण्यासाठी ही वेळ योग्य आहे, पण एडिसचे दिवसभराचे काम तोवर उरकलेले असते.

"आम्ही आठव्या मजल्यावर राहतो, आमच्याकडे कुठले डास!" असेही अनेकजण अभिमानाने सांगतात. डास स्वतः फार उंच उडत नसला तरी जिना आणि लिफ्ट त्यालाही उपलब्ध असते. शिवाय आठव्या मजल्यावर पाण्याने भरलेली थाळी असेल, तर त्याला पुढच्या पिढीसाठी खाली उतरण्याची गरजही उरत नाही.

आठवड्याचे गणित

फक्त मादी डास चावते. अंडी तयार होण्यासाठी तिला रक्ताची गरज असते. एडिसची मादी एका वेळी सुमारे १०० अंडी घालते. अंड्यातून अळी, अळीचा कोष आणि कोषातून उडणारा डास, हा सारा प्रवास आपल्याकडील उबदार हवेत साधारण ७ ते १० दिवसांत पूर्ण होतो.

या गणितातच उपाय दडलेला आहे. घरातले साठलेले पाणी आठवड्यातून एकदा हमखास काढून टाकले, तर आतल्या अळ्यांना पंख फुटायला वेळच मिळत नाही. आरोग्य खाते 'आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा' असे सांगते ते याचसाठी. दिल्ली सरकारने २०१९ मध्ये 'दस हफ्ते, दस बजे, दस मिनट' ही मोहीम काढली, तिच्यामागेही हाच हिशेब होता. दर रविवारी सकाळी दहा वाजता दहा मिनिटे घरातले साचलेले पाणी शोधायचे, बस्स!

मात्र नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. एडिसची अंडी पाण्याच्या पातळीच्या वर, भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. कोरड्या भांड्यातही ती कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी मिळताच फुटतात. त्यामुळे पिंप, बादली, कूलरची टाकी, कुंडीखालची थाळी हे सारे काथ्याने किंवा ब्रशने घासून धुवावे आणि उन्हात पूर्ण वाळवावे. अळ्या असलेले पाणी मोरीत न ओतता कोरड्या मातीत किंवा तापलेल्या गच्चीवर ओतावे.

रविवारची दहा मिनिटे

घरात पाणी कोठे कोठे साठते, याची यादी एकदा करून फ्रिजवर चिकटवून ठेवावी. त्याच फ्रिजपासून सुरुवात करता येईल. त्याच्या मागे खालच्या बाजूला ट्रे असतो आणि त्यात पाणी झिरपते. हा ट्रे कित्येक घरांत वर्षानुवर्षे बाहेर काढला जात नाही.

त्यानंतर बाल्कनी. कुंड्यांखालच्या थाळ्यांत शक्यतो पाणी साठू देऊ नये, त्यांत वाळू भरून ठेवली तरी चालते. पक्ष्यांसाठी ठेवलेले पाणी रोज बदलावे. एसीच्या नळीखालची बादली, पावसासाठी बांधलेल्या ताडपत्रीचे खळगे, जुने डबे, मुलांची तुटकी खेळणी, हे सारे तपासावे. बाटलीच्या झाकणाएवढे पाणीही डासाला पुरते, हे विसरू नये.

आतल्या खोल्यांत फुलदाणी, मनीप्लँट आणि हल्ली लोकप्रिय झालेला बांबू यांचे पाणी दर तीन-चार दिवसांनी बदलून मुळे धुवावीत. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या आणि एरवी बंद असलेल्या संडासाची टाकी व भांडे आठवड्यातून एकदा फ्लश करावे. गावाला जाताना कमोडचे झाकण लावावे आणि नहाणीच्या जाळ्या झाकून ठेवाव्यात.

नागपूर, इंदूर, दिल्लीकडील घरांत उन्हाळ्यात कूलरला पर्याय नसतो. १९९६ साली दिल्लीत डेंग्यूची मोठी साथ आली. दहा हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि चारशेहून अधिक दगावले. तेव्हापासून साथ म्हटली की तेथे पहिली तपासणी कूलरची होते. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावी. हंगाम संपला की तो कोरडा करून, गवताच्या जुन्या जाळ्या काढून मगच माळ्यावर टाकावा. त्या जाळ्या पुढच्या वर्षी पुन्हा वापरू नयेत, कारण त्यांनाही अंडी चिकटलेली असू शकतात.

एकट्याने भागत नाही

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची एक अडचण असते. आपले घर चकचकीत ठेवले तरी गच्ची, जिना आणि पाण्याच्या टाक्या साऱ्यांच्या असतात. तेव्हा हा विषय सोसायटीच्या बैठकीत काढावाच लागतो. पार्किंगच्या भांडणात दोन तास जातात, त्यांतली दहा मिनिटे डासांनाही द्यावीत!

गच्चीवरील आणि जमिनीखालील टाक्यांना घट्ट बसणारी झाकणे आहेत का? जादा पाणी बाहेर टाकणाऱ्या पाईपला जाळी आहे का? टाकी तपासायला चढता येईल अशी शिडी आहे का? लिफ्टच्या खड्ड्यात पाणी झिरपते का? सेप्टिक टँकच्या वेंट पाईपच्या तोंडाला जाळी किंवा जुने नायलॉनचे कापड बांधले आहे का? गच्चीवर कोणाचे भंगार आणि टायर पडले आहेत? या प्रश्नांची उत्तरे सेक्रेटरींकडे असावीत.

मुंबईने हा धडा फार पूर्वी गिरवला. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी शहरातील मलेरियाची पाहणी केली, तेव्हा विहिरी हे डासांचे मोठे आगर असल्याचे दिसून आले होते. पुढे विहिरींची जागा टाक्यांनी घेतली, डास मात्र तोच राहिला. मुंबई महानगरपालिका अधिनियमातील ३८१ व्या कलमानुसार डासांची पैदास होऊ देणाऱ्या जागेच्या मालकाला वा रहिवाशाला नोटीस दिली जाते. पालिकेचा कर्मचारी टाकी तपासायला आला, तर त्याला दारातूनच परत पाठवू नये. तो सोसायटीचेच काम करीत असतो.

दारे-खिडक्यांचा पहारा

जन्म रोखल्यानंतर प्रवेश रोखावा. खिडक्यांना जाळी बसवणे हा सर्वांत टिकाऊ उपाय होय. एकदा खर्च होतो, पण पुढे अनेक वर्षे हवाही मिळते आणि डासही बाहेर राहतात. भाड्याच्या घरात भिंतीला भोके पाडण्याची परवानगी नसेल, तर चिकटपट्टीवर लावता-काढता येणारी जाळी घ्यावी. बाल्कनीच्या दारासाठी सरकती किंवा घडीची जाळी मिळते.

जाळी घेताना छिद्रांकडे लक्ष द्यावे. एका चौरस इंचात निदान १५६ छिद्रे असावीत. त्याहून विरळ जाळीतून डास आत शिरू शकतो. जाळी बसवल्यावर चौकटीच्या कडा पाहाव्यात, कारण जाळी नवीकोरी आणि कोपऱ्यात बोटभर फट, असा प्रकार पुष्कळदा आढळतो. स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातील एक्झॉस्ट पंख्याचे भोक, एसीच्या नळीभोवतालची फट आणि मुख्य दाराखालची जागा यांचाही बंदोबस्त करावा. दाराखाली रबरी किंवा ब्रशची पट्टी अगदी थोडक्या खर्चात बसते.

झोपताना मच्छरदाणीला तोड नाही. आजीच्या काळातली वस्तू म्हणून तिला हसण्याचे कारण नाही. तान्ह्या बाळाला तर दुपारच्या झोपेतही मच्छरदाणी हवीच, कारण डेंग्यूचा डास दुपार बघत नाही. तिच्या कडा गादीखाली नीट खोचाव्यात. पंखाही उपयोगी पडतो. डास उडण्यात कच्चा असतो, वाऱ्याच्या झोतात त्याला अंगावर उतरणे जड जाते. शाळेत जाताना मुलांना पूर्ण बाह्यांचे, फिकट रंगाचे कपडे घालावेत, कारण गडद रंग डासांना अधिक खुणावतो.

धूर आणि औषधे: शेवटचा उपाय

एवढे झाल्यावरच कॉइल, मॅट, लिक्विड यांचा विचार करावा. बहुतेक घरांत नेमके उलट घडते. खिडक्या बंद करून, लहान खोलीत, रात्रभर कॉइल पेटत राहते आणि तिचा धूर सगळे कुटुंब हुंगत राहते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून बाहेर पडणारे सूक्ष्म कण हे ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघणाऱ्या कणांइतके असल्याचे आढळले. घरात दमेकरी, वृद्ध किंवा लहान मूल असेल, तर बंद खोलीत कॉइल लावू नये. जळती कॉइल पडदा आणि अंथरुणापासून दूर ठेवावी. कडुनिंबाच्या पाल्याची धुरी घरगुती असली तरी धूर तो धूरच. ती करायचीच असेल तर दारे उघडी ठेवून, थोडा वेळ करावी.

लिक्विडच्या मशीनमधून धूर निघत नाही, तरी त्यातही कीटकनाशक असतेच. खोलीत हवा खेळती असावी. त्याची बाटली रांगत्या मुलाच्या हाती लागेल अशा जागी ठेवू नये. मुलाने ते औषध तोंडात घातलेच, तर उलटी करवण्याचा प्रयत्न न करता बाटलीसह ताबडतोब दवाखाना गाठावा. नोंदणी क्रमांक नसलेल्या स्वस्त डासमार उदबत्त्या टाळाव्यात. अंगाला लावायची मलमे उपयुक्त आहेत, पण दोन महिन्यांहून लहान बाळाला ती लावू नयेत. मोठ्या मुलांनाही डोळे, तोंड व तळहात वगळून लावावीत. कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने डास पळवणारी यंत्रे मात्र घेऊ नयेत, त्यांनी डास पळत नाहीत.

आणि ताप आलाच तर?

सारी काळजी घेऊनही डास चावणारच नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. थंडी वाजून ताप, डोळ्यांमागे दुखणे, सांधे ठणकणे, अंगावर पुरळ अशी लक्षणे दिसली तर घरगुती काढ्यावर दिवस न घालवता डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्यावे. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरला तरी पोटात जोराने दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, अशी चिन्हे दिसताच रुग्णालयात न्यावे. डेंग्यूमध्ये अनेकदा ताप उतरल्यानंतरचे दोन दिवसच अधिक जोखमीचे असतात.

संध्याकाळी सहाची धावपळ करावीच लागेल, पण तिचा भार हलका करता येतो. येत्या रविवारी सकाळी चहा झाला की सासूबाईंनी तुळशीची थाळी, सुनेने फ्रिजचा ट्रे, चिरंजीवांनी रॅकेट बाजूला ठेवून बाल्कनीतले डबे आणि गृहस्वामींनी गच्चीवरची टाकी, अशी वाटणी करावी. दहा मिनिटांत घर कोरडे होईल. त्या आठवड्यात जन्मू न शकलेल्या डासांसाठी कॉइल पेटवण्याची गरज पडणार नाही.